एका घरांतील दोन कुत्रीं

‘एका म्यानांत दोन तरवारी राहत नाहींत’ ही म्हण माणसांच्या व्यवहारांतून निघालेली असली, तरी एका घरीं दोन कुत्रीं बाळगणाऱ्या कुटुंबाला ती कधीं ना कधीं आठवल्यावांचून राहत नाहीं. दोन वर्षें तीं कुत्रीं एका सतरंजीवर निजलेलीं असतात, एका भांड्यांतलें पाणी प्यालेलीं असतात. एकाला फिरावयास नेलें तर दुसरें दाराशीं वाट पाहत बसलेलें असतें. आणि अशा घरांत एखाद्या संध्याकाळीं दाराची घंटा वाजते, दोन्ही कुत्रीं दाराकडे धांव घेतात, आणि क्षणार्धांत तीं एकमेकांच्या मानेला भिडतात. मुलें किंचाळत पलंगावर चढतात. कोणी तरी धीर करून मध्यें हात घालतो आणि दंश त्यालाच होतो. प्रसंग उणापुरा अर्ध्या मिनिटाचा. परंतु तेवढ्यानें त्या घराचें स्वास्थ्य नाहींसें होतें. ‘कालपर्यंत किती गुण्यागोविंदानें होतीं! एकाएकीं झालें तरी काय?’ हा प्रश्न घरांतलें प्रत्येक माणूस विचारतें. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो, तो हा, कीं आतां यांपैकीं कोणतें कुत्रें घालवावयाचें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याचें उत्तर देण्याची घाई करणें इष्ट नव्हे. कारण, हें भांडण ‘एकाएकीं’ झालें असें घरच्या माणसांस वाटत असलें, तरी वस्तुतः तें पुष्कळ दिवस शिजत असतें. कुत्र्याला वाणी नाहीं, पण भाषा आहे, आणि ती त्याच्या साऱ्या शरीरांत पसरलेली आहे. एक कुत्रें दुसऱ्याकडे टक लावून पाहतें. उघडें असलेलें तोंड मिटतें. अंग ताठ होतें. शेपटी उंच उभारून राहते. कधीं तें दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभें राहतें, तर कधीं दाराच्या अरुंद वाटेंत आडवें पडून त्याची वाट अडवितें. दुसरें कुत्रें तोंड फिरवितें, ओंठ चाटतें, भिंतीच्या कडेनें वळसा घालून जातें. हा मूक संवाद आठवडेच्या आठवडे चाललेला असतो; मात्र माणसांना तो दिसत नाहीं, कारण त्यांत आवाज नसतो.

पुढें आवाज येतो तो गुरगुरण्याचा. गुरगुरणें हा अपराध नव्हे. ती पूर्वसूचना आहे. ‘याहून जवळ येऊं नको’ एवढाच तिचा अर्थ. परंतु बहुतेक घरांत गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दरडावण्यांत येतें, क्वचित् चापटही बसते. याचा परिणाम असा होतो कीं, कुत्रें गुरगुरणें सोडतें, पण ज्या भयामुळें किंवा रागामुळें तें गुरगुरत होतें तें भय आणि तो राग तसाच राहतो. आगीची सूचना देणारी घंटा काढून टाकल्यानें आग विझत नाहीं. मग तेंच कुत्रें पुढच्या खेपेस कांहींही सूचना न देतां चावतें, आणि लोक म्हणतात, ‘अकस्मात् चावलें.’

कारणांचा शोध घेतांना सर्वांत आधीं वेदनेचा विचार करावा. सांधे दुखत असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तरुण कुत्र्याचा खेळांतला धक्का देखील असह्य होतो. कान पिकणें, दांत किडणें, दृष्टि मंद होणें, ऐकूं कमी येणें, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावणें, यांपैकीं कशानेंही शांत प्राण्याचा स्वभाव चिडखोर बनूं शकतो. म्हणून, आजवर सलोख्यानें राहिलेल्या कुत्र्यांत भांडण झालें कीं पहिला फेरा पशुवैद्याकडे व्हावा, आणि तोही दोन्ही कुत्र्यांना घेऊन. कारण ज्यानें हल्ला केला तेंच आजारी असेल असें नाहीं. दुर्बळ झालेल्या सोबत्यावर निरोगी कुत्रें तुटून पडल्याचेंही आढळतें.

दुसरें कारण वयाचें. कुत्र्याला शरीरानें तारुण्य पहिल्या वर्षाच्या आंतबाहेर येतें, पण स्वभावाची प्रौढता साधारणतः एक ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. लहान असतांना जें पिलूं मोठ्याच्या पुढें लोटांगण घालीत होतें, तेंच आतां आपली जागा मागूं लागतें. अमेरिकेंतील पशुवैद्यकांनीं २०११ सालीं एका घरांत राहून भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ३० जोड्या समान लिंगाच्या होत्या, आणि भांडण उकरून काढणारें कुत्रें बहुधा वयानें लहान व घरांत मागाहून आलेलें होतें. भांडणाचीं निमित्तें तरी कोणतीं? मालकाचें लक्ष, अन्न, घरांत उडालेली एखादी धांदल, आणि कोठें तरी सांपडलेली वस्तु. ही यादी वाचणाऱ्यास माणसांच्या एकत्र कुटुंबाची आठवण झाली, तर त्यांत नवल नाहीं.

माद्यांच्या बाबतींत ऋतुकाळाचाही प्रभाव असतो. बहुतेक कुत्र्या वर्षांतून सुमारें दोनदां माजावर येतात व तो काळ दोनतीन आठवडे टिकतो. त्या दिवसांत घरांतील तेढ वाढूं शकते. शस्त्रक्रियेनें हा भाग टळतो. तथापि शस्त्रक्रिया म्हणजे सर्व भांडणांवरचा रामबाण उपाय, ही समजूत मात्र बरोबर नाहीं. याशिवाय, एका विशेष प्रकारच्या रागाची ओळख ठेवणें अवश्य आहे. फाटकाबाहेरून जाणाऱ्या परक्या कुत्र्यावर धांवून जातां येत नाहीं, तेव्हां आंतलें कुत्रें तो राग शेजारीं उभ्या असलेल्या सोबत्यावर काढतें. वड्याचें तेल वांग्यावर, असाच हा प्रकार. दाराच्या घंटेबरोबर होणारीं भांडणें पुष्कळदां याच जातीचीं असतात.

येथें एका भयंकर शक्यतेचा उल्लेख टाळतां येणार नाहीं. आपल्या देशांत कुत्र्याचा स्वभाव अकारण पालटला, त्याचा आवाज बदलला, त्याला गिळतां येईनासें झालें, तोंडांतून लाळ गळूं लागली, तें निर्जीव वस्तूंनाही चावूं लागलें किंवा चालतांना झोंक जाऊं लागला, तर पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, शंका घेतलीच पाहिजे. हा रोग एकदां प्रगट झाला कीं माणूस काय अथवा कुत्रें काय, बहुधा वांचत नाहीं. ६ जुलै १८८५ रोजीं फ्रान्समध्यें लुई पाश्चर यानें जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यानें ही लस टोंचविली, तेव्हांपासून या रोगाच्या प्रतिबंधाचा मार्ग माणसाला सांपडलेला आहे; त्याचा लाभ न घेणें हा केवळ हलगर्जीपणा होय. घरच्या प्रत्येक कुत्र्याला वेळच्यावेळीं लस टोंचलेली असावी. भांडण सोडवितांना माणसाला दांत लागला, तर ‘आपलेंच कुत्रें’ म्हणून स्वस्थ बसूं नये. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें निदान १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची पद्धत आहे; परंतु तें काय होतें हें पाहण्यासाठीं माणसाचे उपचार थांबवून ठेवावयाचे नसतात.

आतां प्रत्यक्ष भांडण जुंपलें असतां काय करावें? प्रथम काय करूं नये तें पाहिलें पाहिजे. दोन तोंडांच्या मध्यें हात घालूं नये व गळपट्टा धरावयास जाऊं नये. त्या क्षणीं कुत्र्याला आपला धनी आणि वैरी यांतला भेद कळत नाहीं. काठीनें मारूं नये. माराची वेदना तें समोरच्या शत्रूच्या खात्यावर मांडतें व अधिकच चवताळतें. मुलांना आधीं दुसऱ्या खोलींत पाठवावें. मग पातेल्यावर झांकण आपटून मोठा आवाज करावा, बादलीभर पाणी दोघांच्या तोंडावर फेंकावें, अथवा जाड घोंगडी टाकावी किंवा फळी, खुर्ची मध्यें सरकवावी. एवढ्यानेंही भागलें नाहीं आणि दोन मोठीं माणसें हजर असलीं, तर प्रत्येकानें एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांजवळ धरून, एकाच वेळीं, त्याला मागें ओढावें. मात्र चावा पक्का बसला असेल तर ओढल्यानें मांस फाटतें, हें ध्यानांत ठेवावें. सुटतांच दोघांना वेगळ्या खोल्यांत कोंडून दार लावावें. त्यानंतर केंस बाजूला करून अंग तपासावें; कारण सुळ्याची जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आंत खोल गेलेली असते.

सर्वांत मोठी चूक यानंतर होते. अर्धा तास उलटतो, दोन्ही कुत्रीं शांत दिसतात, आणि घरांतला एखादा सद्गृहस्थ म्हणतो, ‘चला, आतां यांची दिलजमाई करून देऊं.’ कुत्र्याच्या शरीरांत पेटलेला क्षोभ असा तासाभरांत निवत नाहीं. निदान कांहीं दिवस तरी दोघांनीं एकमेकांना मोकळें भेटूं नये. जेवण वेगळ्या खोल्यांत द्यावें, हाडें आणि खेळणीं उचलून ठेवावींत, निजण्याच्या जागा निरनिराळ्या असाव्यात. पुढें दोन माणसांनीं दोघांना दोरीला धरून, मोकळ्या रस्त्यावर, बरेंच अंतर राखून, एकाच दिशेनें चालवावें. एकमेकांकडे पाहूनही तीं शांत राहिलीं तर लगेच खाऊचा तुकडा द्यावा, आणि रोज अंतर थोडथोडें कमी करावें.

या पद्धतीचें मूळ रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह याच्या प्रयोगांत आहे. अन्नाच्या आधीं ठराविक आवाज वारंवार ऐकविला, तर पुढें नुसत्या आवाजानेंही कुत्र्याला लाळ सुटते, हें त्यानें दाखविलें. तसेंच, सोबती दिसला कीं कांहीं तरी चांगलें मिळतें असा अनुभव पुनःपुन्हां आला म्हणजे सोबत्याविषयींची भावनाच हळूहळू पालटते. याला आठवडे लागतात, कधीं महिने लागतात. दरम्यान तोंडाला जाळीदार मुसकें घालण्याची संवय लावून ठेवली, तर माणसांचा जीव टांगणीला लागत नाहीं.

‘त्यांना एकदां भांडून घेऊं द्या, म्हणजे थोरला कोण हें ठरेल,’ असा सल्ला अनेक अनुभवी लोक देतात. या सल्ल्याच्या मुळाशीं लांडग्यांविषयींची एक जुनी कल्पना आहे. १९४७ सालीं रुडोल्फ शेंकेल यानें बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत वरचढपणासाठीं चाललेली झुंज ठळकपणें आली होती. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० मधील ग्रंथानें हीच कल्पना लोकांत रूढ झाली. परंतु त्याच मेकनें रानांतल्या लांडग्यांचें दीर्घकाळ निरीक्षण करून १९९९ मध्यें लिहिलें कीं, मोकळ्या रानांतला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं पिलें यांचें कुटुंब असतें. तेथें नायकपद लढून मिळवावें लागत नाहीं. परक्या लांडग्यांना एका आवारांत कोंडलें म्हणजे मात्र झुंज होते. शहरांतल्या दोन-तीन खोल्यांत राहणाऱ्या कुत्र्यांची स्थिति या दुसऱ्या प्रकाराला अधिक जवळची आहे. भांडण होऊं दिल्यानें निकाल लागत नाहीं. पराभूत कुत्र्याचें भय वाढतें आणि पुढचें भांडण अधिक लौकर होतें.

अपराधी कोण, हें ठरविण्याची ओढ मात्र सुटत नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तिचा पोर आला. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमेनें जाब विचारला, तेव्हां कोणालाही उत्तर देतां आलें नाहीं, आणि तिनें शाप दिला कीं, तुमच्यावर अकल्पित भय येईल. घराघरांतून हेंच घडत असतें. मोठ्यानें ओरडणारें कुत्रें दोषी ठरतें, आणि तासभर टक लावून त्याला डिंवचणारें कुत्रें धन्याच्या पायाशीं जाऊन साळसूदपणें बसतें. निवाडा करण्यापूर्वीं घरच्यांनीं चारदोन दिवस एक वही ठेवून, कोणत्या वेळीं, कोणत्या जागीं, कशावरून खटका उडाला हें टिपून ठेवलें, तर पशुवैद्याला आणि स्वतःलाही त्याचा फार उपयोग होतो.

हें सारें करूनही कांहीं जोड्या जुळत नाहींत, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. दोन तरुण माद्यांचें वैर विशेष चिवट ठरतें. घरांत रांगतें मूल असेल, जखमा दर खेपेस अधिक खोल होत असतील, किंवा एक कुत्रें दिवसभर पलंगाखालीं दडून राहत असेल, तर त्यांना एकत्र ठेवण्याचा हट्ट हें प्रेम नव्हे. कांहीं कुटुंबें दार कायमचें बंद ठेवून दोघांना पाळीपाळीनें मोकळें सोडतात. कष्टाची का होईना, तीही एक रीत आहे. ती शक्य नसल्यास एकाला दुसरें चांगलें घर पाहून द्यावें, आणि देतांना भांडणाची हकीकत लपवूं नये. जें कुत्रें दुसऱ्या कुत्र्याशेजारीं सुखी नव्हतें, तें एकटें असलेल्या घरीं पुष्कळदां अगदीं निराळें दिसूं लागतें. परंतु त्याला गांवाबाहेर नेऊन सोडून देणें हा मार्ग नव्हे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें, भुकेनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्याला योग्य कारणावांचून सोडणें हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरीही, वर्षानुवर्षें ताटांतला घांस ज्याला दिला त्याच्याशीं असें वागणें कोणत्याही घराला शोभलें नसतें.

कुत्र्यानें माणसाच्या घरांत राहण्याचें ठरविलें तें आपल्या मर्जीनें नव्हे. सोबती कोण असावा, जागा किती असावी, जेवण केव्हां मिळावें, हें सर्व माणूस ठरवितो. तेव्हां त्या घरांत कलह झाला असतां, प्रथम विचार करण्याचें कामही माणसाकडेच येतें.