डोळ्यातील दाब आणि डोळ्याचे रक्त
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात भूम येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एका निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशीच सर्वांची अपेक्षा असणार. तो विषय आज आम्ही बाजूस ठेवीत आहोत. आम्ही काचबिंदू या नेत्ररोगाविषयी बोलणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे, या रोगाचे रोगी आहोत. आणि जे आम्हांस उशिरा कळले ते आपणांस वेळेवर कळावे, एवढाच हेतू आहे.

आपल्या तालुक्यातील कुंथलगिरी हे पवित्र क्षेत्र सर्वांस परिचित आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना घेऊन 18 सप्टेंबर 1955 रोजी देह ठेवला. दृष्टी मंदावल्यामुळे जीवजंतूंची हिंसा टाळून चालणे व आहार घेणे अशक्य झाले, हे त्या निर्णयामागील एक प्रमुख कारण होते. त्या थोर व्रताची चर्चा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सर्वस्वाचा त्याग केलेल्या पुरुषाचाही आचारधर्म दृष्टीवाचून अडतो, मग आपणां संसारी माणसांची काय कथा!

आता डोळ्याची रचना पाहू. डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा एक द्रव अखंड तयार होत असतो व बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातील सूक्ष्म जाळीतून तो निथळून रक्तात मिसळतो. या द्रवामुळेच डोळा ताठ राहतो. त्याचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. जाळीतून निचरा नीट होईनासा झाला, की दाब चढू लागतो.

या दाबाचा रक्ताशी संबंध काय, हे सायकलच्या उदाहरणाने कळेल. ट्यूब सैल असता पंपाने हवा सहज जाते. ट्यूब ताठ झाली, की तोच पंप जड लागतो. हृदय हा आपला पंप होय. रक्त डोळ्यात ढकलणारा दाब आणि त्यास आतून विरोध करणारा डोळ्याचा दाब, या दोहोंच्या वजाबाकीइतकाच जोर रक्ताच्या वाट्यास येतो. डोळ्यात शिरणाऱ्या रोहिणीतील सरासरी दाब 60 धरू. डोळ्याचा दाब 15 असता बाकी 45 उरते. तोच 30 झाला, तर बाकी 30. म्हणजे एक तृतीयांश जोर गेला. रात्री झोपेत अंगातील रक्तदाब उतरतो. रोहिणीतील दाब 50 वर आला, तर बाकी अवघी 20! निरोगी डोळ्यातील बारीक रक्तवाहिन्या अशा वेळी रुंद होऊन तूट भरून काढतात; काचबिंदूच्या पुष्कळ रोग्यांत ही शक्ती उणावलेली असते.

या टंचाईची झळ विशेषतः डोळ्याच्या मागील दृष्टिमज्जेस लागते. तिच्यात सुमारे 10 लक्ष तंतू असून ते चाळणीसारख्या एका पडद्यातून बाहेर पडतात. वाढलेला दाब ती चाळणी मागे रेटतो, तंतू चिमटतो आणि त्यांस पोसणारे रक्तही आखडतो. पाटाला पाणी कमी आले, की टोकाचा वाफा आधी सुकतो, हे आपणां दुष्काळी मुलखातील लोकांस सांगणे नको. फरक इतकाच, की वाफा पुढील पावसात हिरवा होतो. मेलेला तंतू पुन्हा जगत नाही. काही जणांची मज्जा तर 21 च्या आतील दाबानेही झिजते. म्हणून केवळ दाब मोजून न थांबता डॉक्टर मज्जाही तपासतात.

हा रोग बहुधा दुखत नाही. प्रथम कडेची दृष्टी जाते, समोरचे अक्षर स्वच्छ दिसते, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. आमचा डावा खांदा दाराच्या चौकटीस वारंवार आपटू लागला, तो वयाचा परिणाम समजून आम्ही हसण्यावारी नेला. पुढे चष्म्याचा नंबर काढावयास गेलो असता डाव्या डोळ्याचे निम्मे दृष्टिक्षेत्र गेल्याचे कळले. ही वार्ता थोरल्या बंधूंस सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला सात वर्षांपासून आहे. मुलीचं लग्न जमायचं होतं, म्हणून कुठं बोललो नाही." वहिनींवाचून कोणास ठाऊक नव्हते. देव्हाऱ्यामागे औषधाची बाटली ठेवून ते रात्री थेंब घालीत. दादांवर आमचा राग नाही. त्यांच्या जागी आम्हीही कदाचित तेच केले असते. परंतु त्या सात वर्षांत आमचा डोळा वाचला असता.

बांधवहो, हा रोग घराण्यात फिरतो. रोग्याच्या सख्ख्या भावंडांस त्याचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून ज्यास तो झाला, त्याने भाऊ, बहीण व मुले यांस सांगणे हे कर्तव्य होय. सोयरीक जुळविताना आपण कुळ पाहतो, पत्रिका पाहतो. मग घरातील दुखणे सांगण्यात कमीपणा कसला? वेळीच उपचार घेतल्यास बहुतेकांची दृष्टी जन्मभर टिकते.

आणखी काही सूचना. मोतीबिंदूची गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूची येत नाही. म्हणून "मोतीबिंदू पिकू द्या" म्हणत तपासणीवाचून घरी बसू नये. थेंब बरे वाटण्यासाठी नसून उरलेले राखण्यासाठी असतात. ते मनाने बंद करू नयेत. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. त्यांनी दाब चढू शकतो. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल, तर नेत्रवैद्यांस तसे सांगावे; गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नये. एकाएकी डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर ते पित्त वा अर्धशिशी समजून वेळ दवडू नये. त्याच दिवशी धाराशिव, बार्शी, जेथे नेत्रवैद्य मिळेल तेथे गाठावे.

शेवटी मंडळास एक विनंती. पुढील वर्षी मेळाव्याच्या दिवशीच चाळिशी ओलांडलेल्या सभासदांची नेत्रतपासणी ठेवावी. नाव नोंदविण्यास प्रथम आम्ही आणि आमचे थोरले बंधू उभे राहू. दादांनी तशी संमती दिली आहे.