खमतखामणा आणि माणसांची भेट

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव मान्यवरांनी केलाच आहे. मी एकाच विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. संवत्सरीला आपण 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. माझे दुष्कृत मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. पूर्वी क्षमापनेची छापील कार्डे टपालाने जात. आज मोबाईलवरून एकच चित्र शेकडो जणांना क्षणात पोहोचते. ज्यांच्याशी कधी वाकडे आले नाही त्यांचीही आपण क्षमा मागतो. आणि ज्या चुलतभावाशी दुकानाच्या वाटणीपासून अबोला आहे, नेमके त्याचेच नाव वगळतो!

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्यस्वभाव किती बारकाईने पारखला होता पाहा. कर्मग्रंथांत कषायांना काळाची मर्यादा सांगितली आहे. संज्वलन कषाय पंधरा दिवसांचा, प्रत्याख्यानावरण चार महिन्यांचा, अप्रत्याख्यानावरण वर्षाचा. त्यापुढे टिकणारा तो अनंतानुबंधी, सम्यक्त्वाचाच घात करणारा. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे याच मुदतींशी जुळतात. आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत, उधारीप्रमाणे रागालाही मुदत आहे.

पण समोर गेल्यावर बोलावे काय, येथेच गाडी अडते. कापडाच्या धंद्यात ताका उलगडण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे लागते, कार्य कोणाचे, कापड कोणासाठी. न ऐकता माल दाखवणारा दहा ताके उलगडतो आणि एकही विकत नाही. हे कौशल्य आपण उपाश्रयाच्या पायरीवर चपलांबरोबर का काढून ठेवतो, हे मला उमगलेले नाही. तेथे "काय, मजेत ना?" एवढे विचारून उत्तरापूर्वीच आपली पाठ फिरते. भाषासमितीत हित, मित आणि प्रिय बोलणे सांगितले आहे. मित बोलणाऱ्यालाच ऐकण्यास अवकाश मिळतो.

अबोला असलेल्या घरी जाताना वाटणीचा हिशेब पुन्हा काढू नये. वडीलधाऱ्यांची प्रकृती विचारावी, मुलांचे शिक्षण विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिल्या खेपेस दार उघडले, पाणी मिळाले, एवढेही पुष्कळ.

विश्वस्तांना एक विनंती. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला प्रत्येक कुटुंब आपापले कोंडाळे करून बसते. बदलीवर आलेली कुटुंबे आणि एकट्या आलेल्या आजी कडेला राहतात. येत्या पारण्याला प्रत्येकाने अनोळखी साधर्मिकाशेजारी बसावे, अशी व्यवस्था युवक मंडळाकडे सोपवावी. वाढपाचे काम ते उत्तम करतातच.

जय जिनेंद्र.