पाचव्या गुणसूत्राचा निखळलेला तुकडा



आज मी एका दुर्मिळ विकाराविषयी चार शब्द बोलणार आहे. जो विकार क्वचितच आढळतो त्यावर बोलायचे कशाला, असे आपणांस वाटेल. पण घरात वेगळे मूल जन्मले की आपल्याकडे 'उपाय काय?' हा प्रश्न मागे राहतो आणि 'दोष कुणाचा?' हा पुढे येतो. बोट बहुधा आईकडेच वळते. म्हणून हा विषय निवडला.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, एक वडिलांकडून येते. तेवीस खंडांच्या ग्रंथाच्या दोन प्रतीच म्हणा ना! कधी एका प्रतीच्या पाचव्या खंडातील काही पाने गळतात. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा निखळतो. १९६३ साली फ्रान्सच्या डॉ. जेरोम लजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार प्रथम वर्णन केला व त्याला 'क्री दु शा', म्हणजे 'मांजराचे रडणे' असे नाव दिले. स्वरयंत्राची वाढ नीट न झाल्याने अशा बाळाचे रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक व तीव्र असते. सुमारे १५,००० ते ५०,००० जन्मांत असे एखादे मूल आढळते.

जन्मवेळी वजन कमी, डोके लहान, अंग सैल, दूध ओढताना त्रास, ही इतर लक्षणे. काहींच्या हृदयातही दोष असतो. वय वाढते तसे ते रडणे बहुधा ओसरते, पण चालणे, बोलणे, शिकणे मागे राहते. रक्तातील गुणसूत्रांच्या तपासणीने निदान होते.

आता दोषाचा प्रश्न. दहापैकी आठ-नऊ मुलांत हा तुकडा बीज तयार होतानाच आपोआप निखळलेला असतो आणि त्यांपैकी बहुतेकांत तो वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रातला असतो. म्हणून आता वडिलांना बोल लावावा काय? मुळीच नाही. ते कुणाच्याच हातात नसते. ग्रहण, नजर, आईचे खाणेपिणे, यांचा येथे काही संबंध नाही. नात्यातील लग्नाने थॅलेसेमियासारख्या विकारांची शक्यता वाढते हे खरे, पण हा विकार त्या जातीचा नव्हे. मात्र थोड्या घरांत आई किंवा वडील स्वतः निरोगी असूनही त्यांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. पुढच्या अपत्याविषयी योग्य सल्ला त्यावरूनच मिळतो.

हा विकार समूळ बरा करणारे औषध नाही. पण उपाय नाही असे समजू नका. फिजिओथेरपी व वाचाउपचार पहिल्या वर्षापासूनच सुरू केले, तर यांतील पुष्कळ मुले चालू लागतात, हाताने जेवतात, खुणांनी किंवा थोड्या शब्दांनी आपली गरज सांगतात. या मुलांना बोलता येते त्याहून अधिक समजते, हे विसरू नका. त्यांच्यासमोर 'याला काय कळते?' असे म्हणू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळीच काढा.

पालकहो, मूल ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. अमानत पडद्याआड लपवायची नसते, सांभाळायची असते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम हे अंध सहाबी मदिनेत अजान देत असत, हे आपण जाणता. दिव्यांगाला समाजात जागा देण्याची शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांची आहे. तेव्हा असे मूल कुणाच्या घरी असेल, तर त्या आईला 'कुणामुळे झाले?' असे विचारू नका. 'दवाखान्यात मी सोबत येऊ का?' असे विचारा.