गोणपाट, ताग आणि सुंभ



साहित्याच्या व्यासपीठावर गोणपाटाविषयी बोलणे जरा विचित्र वाटेल. पण भोपाळमध्ये राहून हिंदीतून मराठीत अनुवाद करताना या खरखरीत कापडाने मला अनेकदा अडवले आहे.

'ताग' हा शब्द घ्या. भूगोलाच्या मराठी पुस्तकातला ताग बंगालमध्ये पिकतो, त्याची पोती होतात. त्याची पहिली गिरणी १८५५ मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा येथे निघाली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा ताग मात्र वेगळाच. पिवळ्या फुलांचा, वाळल्यावर शेंग खुळखुळणारा, आणि बहुतेकदा फुलोऱ्यावर येताच हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडला जाणारा. दोन्ही वनस्पतींची कुळेसुद्धा वेगळी. दोन्हींची खोडे पाण्यात कुजवून सालीचा धागा काढतात, एवढे साम्य. बहुधा त्यामुळेच एकीचे नाव दुसरीला चिकटले.

हिंदीत पहिला 'जूट', दुसरा 'सनई'. एकाच कथेत सनईचे शेत आणि जुटाचा बोरा आला, की मराठीत दोन्हीकडे ताग येतो, आणि गाडलेल्या पिकाचीच पोती शिवली असे वाचकाला वाटते. अशा जागी मी सरळ 'ज्यूट' लिहितो. शुद्धिवाद्यांची नाराजी पत्करतो, शेतकऱ्याचा ताग त्याच्याकडेच राहू देतो.

मराठी इथे गरीब नाही. अंबाडीचा आणि घायपाताचा वाख, गोणपाट, तरट, सुतळी, कासरा, दावे, चऱ्हाट. प्रत्येकाचे काम निराळे. (कंटाळवाण्या भाषणालाही आपण चऱ्हाटच म्हणतो, म्हणून आवरते घेतो.) 'गोणी' तर पाणिनीच्या सूत्रात आहे, आणि इंग्रजीतला 'गनी' तिच्याच कुळातला. आपल्या घरांत मात्र आता सगळ्याला 'बोरा' किंवा 'टाट'.

शिक्षकांना एक विनंती. 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' ही म्हण शिकवताना हिंदीतली 'रस्सी' सांगून पुढे जाऊ नका. हिंदीत कुठलीही दोरी चालते. मराठीने नारळाच्या काथ्याची दोरी निवडली आहे. सुंभ म्हणजे शुंभ-निशुंभांतला राक्षस समजणारे विद्यार्थी मला इथे भेटले आहेत. शाळेच्या अंगणात, जुन्या ताटलीत, काथ्याचा वीतभर तुकडा जाळा. राखेत वेढे दिसतील. मुलांना फुंकर मारू द्या, मग म्हण सांगा.