परदेशांतून स्वदेशीं

परदेशीं राहणाऱ्या माणसाला घराची ओढ असतेच. परंतु ओढ असली म्हणून वाट मोकळी असते असें नाहीं. १९१७ सालीं इंग्लंडांतील हिंदी विद्यार्थ्यांना याचा चांगलाच प्रत्यय आला. पहिलें महायुद्ध ऐन भरांत होतें. पारपत्रावांचून देश सोडतां येत नसे; आणि १ फेब्रुवारीपासून जर्मनीनें आपल्या पाणबुड्यांना व्यापारी जहाजेंही बेधडक बुडविण्याची मोकळीक दिली होती. अशा काळांत जे मायदेशीं परतले, त्यांपैकीं एक होते भीमराव रामजी आंबेडकर.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि १९१६ सालीं लंडनला येऊन अर्थशास्त्राचा व बॅरिस्टरीचा अभ्यास करूं लागले. तोंच शिष्यवृत्तीची मुदत संपली व अभ्यास अर्धा राहिला. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत येऊन तो पुरा करण्याची सवलत तेवढी लंडन विद्यापीठानें दिली.

परतीचें ठरल्यावर त्यांनीं आपलें सामान निराळ्या जहाजानें रवाना केलें आणि स्वतः आगगाडीनें मार्सेय बंदरास जाऊन ‘कैसर-इ-हिंद’ ही बोट गांठली. इकडे मुंबईस एक बोट पाणबुडीनें बुडविल्याची वार्ता आली, तेव्हां घरच्या मंडळींच्या तोंडचें पाणी पळालें. बुडाली होती ती सामानाची बोट! २१ ऑगस्टला भीमराव सुखरूप मुंबईस पोंचले. पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या ग्रंथांपैकीं कित्येक मात्र समुद्रतळीं गेले. सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली. त्यांतलेच कांहीं खर्चून ते कराराप्रमाणें बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास निघाले.

येथपर्यंतचे निर्बंध युद्धानें घातलेले होते, आणि युद्ध केव्हां तरी संपावयाचेंच होतें. बडोद्यांत जो निर्बंध आडवा आला, त्याला मुदत नव्हती. अमेरिकेची उच्च पदवी मिळविलेल्या या तरुणाला अस्पृश्य म्हणून त्या शहरांत कोणी जागा देईना. नाइलाजानें पारशी नांव सांगून ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं दहाबारा पारशी हातांत काठ्या घेऊन दारांत उभे राहिले आणि तेथूनही त्यांना निघावें लागलें. मुंबईची गाडी रात्रीं होती. तोंपर्यंतचा वेळ त्यांनीं सार्वजनिक बागेंत काढला. पुढें हा प्रसंग त्यांनीं ज्या आठवणींत लिहिला, त्यांचें नांव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परराज्यांत शिरण्यास जो परवाना लागतो, त्याची वाट एका माणसानें स्वदेशांत पाहावी, एवढा अर्थ त्या चार शब्दांत सांठलेला आहे.

लंडनची मुदत त्यांनीं चुकविली नाहीं. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत अध्यापन करून त्यांनीं पैसा गांठीं बांधला, मित्राकडून कर्ज घेतलें आणि १९२० सालीं ते पुन्हां निघाले. १९२३ सालीं बॅरिस्टर होऊन ते परतले. या खेपेस समुद्र निर्वेध होता. घरची वाट मात्र होती तशीच होती.

१ जानेवारी १९२७ रोजीं ते पुणें–नगर रस्त्यावरील कोरेगांव भीमा येथें आले. नदीच्या अल्याड पेरण्याच्या हद्दींत, १८१८ सालच्या याच तारखेच्या लढाईचा स्तंभ उभा आहे. त्यावर कंपनीच्या फौजेंतील महार शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. ज्यांच्या पूर्वजांचीं नांवें सरकारनें दगडावर कोरलीं, त्यांच्यासाठींच लष्कराचे दरवाजे पुढें १८९२ च्या सुमारास बंद झाले. १९१७ सालीं युद्धाला माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १११ वी महार पलटण उभारण्यांत आली; गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडण्यांतही आली. सुभेदार रामजींच्या या पुत्राला त्या स्तंभापुढें हें सारें आठवलें नसेल, असें कसें म्हणावें?

त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, मार्च १९२७ मध्यें, महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन त्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें. त्या पाण्याला कोणतेंही पारपत्र लागत नव्हतें. कायद्यानें तें सर्वांना खुलें होतें. तरीही तेथपर्यंत पोंचण्यास, मुंबईच्या धक्क्यावर बोट लागल्यापासून, साडेनऊ वर्षें लागलीं.