विसरलेलं पहिलं वर्ष

लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं घासूनही नीटचे गुण थोडक्यात कमी पडतात. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून घरात कोणी बोलेनासं होतं. मग ओळखीतला कोणीतरी एजंट बिश्केक, तिबिलिसी किंवा कझानचं नाव काढतो, आणि कर्ज काढून मुलगा विमानात बसतो. पाच-सहा वर्षांनी तो पदवी घेऊन परततो तेव्हा गावात त्याला डॉक्टर म्हणू लागलेले असतात, पण इथे रुग्ण तपासायचा परवाना मात्र त्याच्याकडे नसतो. तो मिळवण्याच्या वाटेवर एफएमजीई उभी असते. परदेशी वैद्यकीय पदवीधरांची ही चाळणी परीक्षा २००२पासून सुरू आहे. ती नॅशनल बोर्ड घेतं, वर्षातून दोनदा, साधारणपणे जून आणि डिसेंबरमध्ये.

एकाच दिवसात ३०० प्रश्न. दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. पालकांना वाटतं, निम्मेच तर मिळवायचेत! निकाल लागला की कळतं, बहुतेक सत्रांत नापास होणारेच जास्त असतात.

या ३०० प्रश्नांतले १०० प्रश्न पायाभूत विषयांचे असतात. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री यांचे प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी यांचे प्रत्येकी १३ आणि न्यायवैद्यकाचे १०. उरलेले २०० क्लिनिकल, म्हणजे मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) वगैरेंचे. परतलेल्या विद्यार्थ्याला या पहिल्या शंभरांची धास्ती असते. हे विषय त्याने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, परक्या देशातल्या पहिल्या थंडीत, नवी भाषा शिकता शिकता वाचलेले असतात. रशियात परीक्षा बऱ्याचदा तोंडी असते: चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरच्या प्रश्नांवर बोलायचं. त्यातून बोलणं सुधारतं, पण चार जवळजवळ सारख्या पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागत नाही. शिवाय मध्ये चार-पाच वर्षं गेलेली. क्रेब्ज सायकल म्हटलं की एक गोल आठवतो, त्या गोलात काय होतं ते काही आठवत नाही.

म्हणून होस्टेलवर एक सल्ला फिरतो: बेसिक सोडून दे, क्लिनिकल पक्कं कर. याचा हिशेब एकदा मांडायला हवा. शंभर प्रश्न कोरे सोडले तर उरलेल्या दोनशेंत दीडशे, म्हणजे ७५ टक्के मिळवावे लागतात. कोरे न सोडता ठोकताळ्याने खुणा केल्या, तर चारांतला एक या न्यायाने सरासरी पंचवीस पदरात पडतात. तरी दोनशेंत १२५ हवेतच. नुसत्या क्लिनिकलवर एवढी मजल मारणारी मुलं असतात, पण त्यांचं बेसिकही बहुधा चांगलं असतं, आणि त्यात योगायोग नाही.

कारण आता प्रश्न सरळ विचारण्याऐवजी रुग्ण समोर ठेवण्याकडे कल आहे. क्षयाचे उपचार घेणाऱ्या माणसाचे पाय झिणझिणतात, पुढे काय? उत्तर बी-सहा जीवनसत्त्व. हे एका ओळीत पाठ होतं आणि महिन्याभरात पुसलंही जातं. पण आयसोनियाझिड हे औषध शरीरातलं पायरिडॉक्सिन, म्हणजे हेच बी-सहा, कामातून घालवतं, हे एकदा नीट समजलं की पुढचे प्रश्न आपोआप उलगडतात. मज्जातंतूंना ते हवं असतं, म्हणून झिणझिण्या. हीम तयार होण्याच्या पहिल्याच पायरीवरच्या एन्झाइमला ते लागतं, म्हणून एका विशिष्ट प्रकारचा अ‍ॅनिमिया. ग्लुटामेटपासून मेंदूला शांत ठेवणारं गाबा बनवायलाही तेच लागतं, म्हणून हे औषध प्रमाणाबाहेर पोटात गेलेल्याला फिट येते आणि त्यावर शिरेतून पायरिडॉक्सिन देतात. बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी, मेडिसिन आणि क्षयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे पीएसएम, असे चार विषय या एका जीवनसत्त्वापाशी भेटतात. क्लासच्या नोट्समध्ये ते चार वेगळ्या वह्यांत असतात, ही त्या नोट्सची अडचण.

याहून ठसठशीत उदाहरण रायगड जिल्ह्यातलं आहे. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, विशेषतः मुलं, दगावत. १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले: आधी उलट्या आणि भरमसाट घाम, मग गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. या विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रिनलिन वर्गातल्या रसायनांचा पूर येतो. त्यामुळे अल्फा रिसेप्टरमार्फत रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं. हे एवढं पटलं की औषधही त्याच पानावर सापडतं. रक्तदाबावर वापरलं जाणारं प्राझोसिन अल्फा रिसेप्टर अडवतं. बावस्करांनी ते विंचूदंशावर दिलं. १९८६मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी याविषयी लिहिलेलं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. विंचवाने होणारे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले.

परीक्षार्थ्याने इथेच पुस्तक मिटू नये. घाम थांबावा म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलं तर? घाम थांबेल, पण आधीच धावणारं हृदय आणखी धावेल. बीटा ब्लॉकर दिला तर? अल्फाला मोकळं रान मिळेल आणि वाहिन्या अधिकच आवळतील. आता मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत होणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीचा प्रश्न काढा. शस्त्रक्रियेआधी कोणतं औषध पहिलं? अल्फा ब्लॉकर, बीटा नंतर. सर्जरीच्या पेपरात येणारा हा हमखास प्रश्न महाडच्या विंचवाने आधीच सोडवून ठेवलेला असतो. प्राझोसिनचा पहिला डोस घेऊन झटकन उठलेला माणूस चक्कर येऊन का पडतो, हेही त्याच ओघात कळतं.

सगळंच असं कार्यकारणाने बांधता येत नाही. दंडाच्या हाडाचा मधला भाग मोडला की रेडियल नर्व्ह दुखावते आणि मनगट लोंबतं, याला आकृती पुरते. जंतू कोणत्या माध्यमावर वाढतो किंवा कायद्याचं कोणतं कलम लागतं, हे पाठच करायचं असतं. वाद पाठांतर कसं करायचं याचा आहे. पिवळ्या हायलायटरने रंगवलेली वही पुन्हा पुन्हा वाचणं ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय रिव्हिजन. २००६मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिचीच परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत सरासरी १४ वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात तीन-चार वेळा वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी, की आपल्याला चांगलं आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त वाटत होता.

तेव्हा क्यूबँकचे, म्हणजे सरावसंचातले प्रश्न अभ्यास संपल्यावर सोडवायचे ही समजूत उलटी आहे. विषय अर्धामुर्धा आठवत असतानाच प्रश्न घ्यावेत, चुकावेत, आणि चुकलेल्या प्रश्नापुरतं पुस्तक उघडावं. दिल्लीच्या गौतमनगरात किंवा पुण्यात महागडे क्लास लावलेली मुलं शेकडो तासांची व्हिडिओ लेक्चर दुप्पट वेगाने ऐकतात आणि ग्रँड टेस्ट मात्र ‘तयारी झाली की’ देतात. ती तयारी बहुधा होतच नाही. बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायॉलॉजी लवकर उडून जातात, म्हणून त्यांची शेवटची फेरी परीक्षेच्या जवळ ठेवावी. फिजिऑलॉजी आणि पॅथॉलॉजी सुरुवातीला घ्यावीत, कारण त्यांच्याशिवाय मेडिसिन वाचणं म्हणजे लक्षणांची नुसती यादी वाचणं.

पुढे नियमही बदलणार आहेत. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ ही सामाईक परीक्षा आणली. ती इथल्या आणि परदेशातल्या, दोन्ही पदवीधरांसाठी असेल. तिचे नियम जून २०२३मध्ये आले आणि जुलैत ती पुढे ढकलली गेली. त्या नियमांत पहिल्या टप्प्याचे सहा पेपर आहेत: मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा. बायोकेमिस्ट्रीचा पेपर त्यात नाही, अ‍ॅनाटॉमीचाही नाही. हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी पुढची अटही वाचावी. पायाभूत विषयांचे प्रश्न याच सहा पेपरांत, रुग्णाच्या निमित्ताने विचारले जाणार आहेत. म्हणजे ते सतरा-सतराच्या गठ्ठ्यांत बाजूला काढून सोडून देता येणार नाहीत.