पहिली कॅसेट पुसू नका
(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आज कांद्याचे बोलायचे नाही, उसाचेही नाही. माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटींचे बोलायचे आहे. हसू नका.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आपल्या शिरूरच्या बायाही त्यात आहेत. पण आवाजासकट त्यातल्या काहीच राहिल्या. बाकीचा आवाज असलाच तर तुमच्या ट्रंकेत.

घरी आपण काय करत होतो? एका टेपवर आईची ओवी लावायची, शेजारी पोराने ढोलकी धरायची आणि दुसऱ्या टेपवर दोन्ही भरून घ्यायचे. मग टाळ हवा म्हणून ती कॅसेट वाजवून तिसरी भरायची. बियाण्यासारखेच हे. पायाभूत बियाण्यापासून प्रमाणित होते, पण घरचेच बी वर्षानुवर्षे पेरत गेले की भेसळ वाढते. इथे प्रत्येक नकलेत फितीची खरखर वाढते, आणि ढोलकी जास्त झाली तर आईचा आवाज पुन्हा जसाच्या तसा वेगळा काढता येत नाही.

साध्या स्टिरिओ कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या. १९७९ साली टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ आणला. त्याने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले, तेही दुप्पट वेगाने. ओवी एका पट्ट्यावर, ढोलकी दुसऱ्यावर. ढोलकी चुकली तर तेवढीच पुन्हा वाजवायची, आईला परत बसवायचे नाही. आपल्याकडे असले यंत्र कुठले! पण मंडळाच्या सामानात एखादी कॅसेट संथ वाजली, बाजू बदलल्यावर उलटी ऐकू आली, तर खराब म्हणून फेकू नका. चार पट्ट्यांची असू शकते.

तेव्हा ढोलकीवाली नव्हे, आधीची, नुसत्या आवाजाची कॅसेट शोधा. मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या चकत्या मोडा, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. फीत सैल असेल तर पेन्सिलीने गुंडाळा. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडे न्या. मोबाईल टेपच्या कर्ण्यासमोर धरू नका, वायर जोडून भरा. आणि जात्याची घरघर साफ करायला जाऊ नका. ती खालच्या सुरात असते, खरखर वरच्या. बाई त्या घरघरीवरच लय धरून गाते.

पुढच्या बैठकीला येताना कॅसेट आणा. कव्हरवर गाव, गाणारीचे नाव आणि साल लिहा. वायर आणि चालू टेप आम्ही आणतो.